काळ सांगून दिलेला शब्द

जैनांच्या स्वयंपाकघरात वस्तूला काळ असतो. काळ म्हणजे मुदत. उकळलेलं पाणी पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं. मिठाई पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस, हिवाळ्यात तीस. आपल्या सासवांना हा हिशेब तोंडपाठ होता, त्यासाठी भिंतीवर तक्ता लावावा लागत नव्हता. यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. काळ उलटलेलं पाणी दिसायला तसंच असतं. चव तीच, रंग तोच, हंडाही तोच. तरी घरातली बाई म्हणते, "याचा काळ झाला," आणि विषय तिथंच संपतो.

काळ सांगून वस्तू देण्याची ही रीत बाहेरच्या जगात मला फारशी कुठं दिसली नव्हती. दिसली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, संगणकाच्या जगात. माझा भाचा पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. त्याच्या तोंडी सारखं येतं, "मावशी, याचा सपोर्ट एप्रिलमध्ये संपतोय," "त्याला अजून दोन वर्षं आहेत." मला वाटलं, हा तर आमच्या पिठामिठाईसारखाच बोलतोय. मग मी त्याला खोदून खोदून विचारलं आणि जे कळलं त्यात मला धर्माचा एक जुना प्रश्न नव्या कपड्यांत भेटला. मुदत सांगून दिलेला शब्द हा "कायमचा" म्हणून दिलेल्या शब्दापेक्षा कमी प्रतीचा असतो का?

आधी थोडं समजून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा किंवा मोबाइलचा कारभारी. तो नसेल तर यंत्र म्हणजे नुसता डबा. काही कारभारी कंपन्यांच्या मालकीचे असतात, त्यांची कृती गुप्त. काही मात्र मुक्त असतात. कृती उघडी, कोणीही वाचावी, आपल्या घरी करून पाहावी, मीठ कमी-जास्त करावं आणि शेजारणीलाही द्यावी. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं लिनक्स हे त्यातलं सगळ्यांत मोठं नाव. आपला संबंध नाही असं म्हणू नका. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. लिंबायतमध्ये नीलगिरी सर्कलला उभं राहून समोरून जाणाऱ्या माणसांकडं पाहिलं, तर दहांतल्या बहुतेकांच्या खिशात ते असणार.

अशा कारभाऱ्याचा सांभाळ म्हणजे काय? त्यात सतत नव्या फटी सापडत असतात. त्या सापडल्या की बुजवायच्या, हेच त्याचं मुख्य काम. सांभाळाची मुदत संपली म्हणजे यंत्र बंद पडतं असं नाही. ते चालतंच, फक्त नवी फट सापडली तर बुजवणारं कोणी नसतं. आपल्या पाणी गाळायच्या गळण्यासारखं. गळणं फाटलं तरी नळाचं पाणी त्यातून पडतंच, उलट जास्तच जोरात पडतं. पडणारं पाणी पाहून फाटलेलं कळत नाही. गळणं हातात घेऊन उजेडात धरावं लागतं.

या मुक्त कारभाऱ्यांच्या घरी नवी आवृत्ती कधी काढायची, याच्या दोन तऱ्हा आहेत. उबुंटू नावाची लिनक्सची एक शाखा २००४पासून वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती काढते. आवृत्तीचं नावच तिची तारीख. २४.०४ म्हणजे २०२४चा चौथा महिना. दुसरी शाखा डेबियन, १९९३पासूनची, म्हणजे उबुंटूची आईच म्हणा, कारण उबुंटू तिच्यावरूनच केलेली आहे. डेबियनचं म्हणणं, तयार होईल तेव्हा देऊ. एकदा तर २००२पासून २००५पर्यंत जवळपास तीन वर्षं लोक वाट पाहत होते. एक सून घड्याळावर पान मांडणारी आणि दुसरी वरण नीट शिजल्याशिवाय हाक न मारणारी. दोन्ही घरं चालतात.

घड्याळवालीचाही एकदा उशीर झाला. २००६मध्ये उबुंटूला पहिल्यांदाच दीर्घ मुदतीची आवृत्ती काढायची होती, एप्रिल ठरला होता. काम कच्चं वाटलं. त्यांनी तसं जाहीर केलं, सहा आठवडे जास्त घेतले आणि आवृत्तीचं नाव ६.०४ ऐवजी ६.०६ केलं. उशीर नावातच लिहून ठेवला. मला हे फार आवडलं. आपण लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापतो नि अर्धा तास उशिरा अक्षता टाकतो, पण पत्रिका कोणी बदलत नाही.

मुदतीच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच स्पष्ट. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांचा सांभाळ नऊ महिने. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा पाच वर्षं, त्यापुढं हवा असेल तर वेगळी नोंदणी. डेबियन पहिली तीन वर्षं पूर्ण सांभाळ करते आणि पुढची दोन वर्षं वेगळा गट तो वाहतो, तीही पाचच. वस्तू हातात पडते त्याच दिवशी शेवटचं साल सांगितलेलं असतं.

आता पुन्हा प्रश्नाकडं येते. आपल्याला लहानपणापासून "कायमचं" या शब्दाचं वेड लावलेलं असतं. जन्माचं नातं, जन्माची साथ, आजीवन हमी. मुदत सांगितली की मन दुखावतं, माणूस हिशेबी वाटतो. पण कायमच्या शब्दांचं काय होतं तेही आपण पाहिलंय. २००६च्या सुमाराला मोबाइल कंपन्यांनी हजारेक रुपयांत आजीवन इनकमिंग देऊ केलं होतं. किती घरांत ते कार्ड मोठ्या भरवशानं घेतलं गेलं! २०१८ संपता संपता दर महिन्याला रिचार्ज केला नाही तर फोन येणं बंद होऊ लागलं. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, हे त्या कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

आपल्या धर्मानं या बाबतीत फार व्यवहारी दृष्टी ठेवली आहे. पच्चक्खाण घेताना काळ सांगावाच लागतो. नवकारशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची, पोरसी एका प्रहराची. सामायिकाला दोन घटका. यावज्जीव व्रतंही आहेत, पण ती उठल्याबसल्या देत नाहीत. गुरू विचार करून देतात आणि घेणारा विचार करून घेतो. कोणी असं म्हणत नाही, की बाईनं एकच उपवास केला, कायमचं अन्न सोडलं नाही, म्हणजे तिची श्रद्धा कच्ची. उलट आपली शक्ती ओळखून काळ बांधून घेतलेला छोटा नियम पूर्ण पाळणं हे भावनेच्या भरात मोठा नियम घेऊन मोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं, असंच आपल्याला शिकवलं गेलं. शिवाय पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे सवलती. नकळत काही तोंडात गेलं, अचानक काही घडलं, तर नियम मोडला असं होत नाही. पण या सवलती आधीच, नियम घेतानाच, उच्चारलेल्या असतात. मोडून झाल्यावर शोधलेल्या नसतात.

साधु-साध्वींच्या चातुर्मासाचंही तसंच. ज्या दिवशी त्या स्थानकात प्रवेश करतात, त्याच दिवशी कार्तिकी पौर्णिमेनंतरचा विहार ठरलेला असतो. निरोप देताना डोळ्यांत पाणी येतं, पण त्या आपल्याला सोडून गेल्या असा आरोप कोणाच्या मनात येत नाही. चार महिन्यांचा शब्द होता, चार महिने पूर्ण दिले.

आणि हा फक्त धर्मस्थानाचा नियम नाही, आपल्या सुरतच्या बाजाराचाही आहे. सतराव्या शतकात इथल्या वीरजी व्होरा नावाच्या जैन सावकाराकडून इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी कर्ज घेत असे. त्या काळचा व्यापार हुंडीवर चाले. दाखवताच पैसे मिळणारी दर्शनी हुंडी आणि ठराविक दिवसांनी वटणारी मुदती हुंडी. मुदती हुंडी होती म्हणून कोणी तिला कमी लेखलं नाही. तिची किंमत कमी होई ती फक्त एकाच कारणानं, ठरल्या दिवशी ती वटली नाही तर. आजही रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये व्यापाऱ्याची अब्रू त्याच्या वायद्यावर मोजतात.

तेव्हा मुदत सांगणं हा दोष नाहीच. मग पाप कशात आहे? ठरलेली मुदत मध्येच तोडण्यात.

संगणकाच्या जगात हे एकदा मोठ्या प्रमाणावर घडलं. सेंटओएस नावाची लिनक्सची एक शाखा होती. रेड हॅट कंपनी मोठ्या उद्योगांसाठी जी पैसे घेऊन दिली जाणारी प्रणाली बनवते, तिच्याच उघड्या कृतीवरून केलेली, पण विनामूल्य. जगभरच्या लहान कंपन्या, महाविद्यालयं, संशोधन संस्था तिच्यावर विसंबून होत्या. पुढं रेड हॅटनंच तिला आपल्या पदराखाली घेतलं. सप्टेंबर २०१९मध्ये तिची आठवी आवृत्ती आली, सांभाळ २०२९पर्यंत होईल असं सांगून. लोकांनी त्या भरवशावर आपले सर्व्हर तिच्यावर नेले. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं, की आठव्या आवृत्तीचा सांभाळ ३१ डिसेंबर २०२१ला संपेल. दहा वर्षांच्या शब्दाची सव्वादोन वर्षं झाली. गंमत म्हणजे जुन्या, सातव्या आवृत्तीची मुदत जून २०२४पर्यंत होती आणि ती पूर्ण पाळली गेली. ज्यांनी नव्यावर विश्वास टाकला तेच अडकले.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण अनेकांती कसल्या? त्यांचं म्हणणं होतं, की पुढचं काम सेंटओएस स्ट्रीम या वेगळ्या वाटेनं करायचं आहे, शक्ती तिकडं लावायची आहे. वर्षभराहून अधिक अवधी त्यांनी दिला होता. आणि मुख्य म्हणजे, वस्तू फुकट होती. एक पैसा न देणाऱ्यानं तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

हा शेवटचा मुद्दा माझ्या मनात बरेच दिवस घोळत होता, कारण आपण बायका तो रोज ऐकतो. फुकटात मिळतंय ना, मग बोलू नका. पण विचार करा. पच्चक्खाण घ्या अशी सक्ती कोणी केली होती का? त्याचे पैसे कोणी दिले होते का? नाही. तरी घेतल्यावर ते बांधतं. शब्द बांधतो तो किमतीमुळं नव्हे. समोरचा त्या शब्दावर आपलं वजन टाकून उभा राहतो, म्हणून. सामायिकाला बसलेली बाई रेतीचं घड्याळ उलटं ठेवते. तिच्यावर कोणाची पाळत नसते. पण रेती पूर्ण पडायच्या आत ती उठली, तर त्याची अतिचारांत वेगळी गणना आहे. तिथं तर फक्त तिचा स्वतःचा आत्मा तिच्या शब्दावर उभा असतो. इथं हजारो माणसं उभी होती.

पुढं जे झालं त्यात मात्र मुक्त कृतीचं मोठेपण दिसलं. सेंटओएसच्या सुरुवातीच्या माणसांपैकी ग्रेगरी कुर्टझर यांनी रॉकी लिनक्सची घोषणा केली. त्यांचे दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांची आठवण म्हणून हे नाव. दुसरीकडं अल्मालिनक्स उभं राहिलं. अल्मा म्हणजे स्पॅनिशमध्ये आत्मा. आपल्याला हे नाव मुद्दाम सांगावंसं वाटतं, नाही का? देह टाकला, आत्मा पुढं गेला. २०२१च्या पहिल्या सहामाहीतच दोन्ही लोकांच्या हाती आली आणि २०२९चा शब्द या दोघांनी आपल्या खांद्यावर घेतला. कृती गुप्त असती तर हे शक्यच नव्हतं. एकानं चूल विझवली तरी विस्तव दुसऱ्या घरी नेता आला.

पण शब्द देणाऱ्याच्या बाजूनंही एक सत्य आहे. सांभाळ करणारी माणसंच असतात आणि ती थकतात. लिनक्सच्या गाभ्याच्या काही आवृत्त्या सहा सहा वर्षं सांभाळल्या जात होत्या. २०२३मध्ये जाहीर झालं, की पुढच्या आवृत्त्यांसाठी ही मुदत दोन वर्षांवर आणणार. एक मोठं कारण, काम करणारे थोडे आणि ओझं फार. ज्या जुन्या आवृत्त्यांना आधीच मुदत दिली होती, त्यांचा शब्द मात्र कायम ठेवला. मला हे वागणं आपल्या नियमात बसणारं वाटतं. शक्ती कमी झाली तर पुढचं पच्चक्खाण छोटं घ्यावं. चालू असलेलं तोडू नये. घरातल्या सगळ्यांचं सगळं कायमचं आपणच करू, असं न सांगता गृहीत धरून बसलेल्या कितीतरी बायकांनी हे ऐकायला हवं. काळ सांगितला तर समोरचाही तयारीला लागतो.

आता या विषयातला सगळ्यांत अवघड भाग. काळ कधीपासून मोजायचा?

मिठाई आपल्या घरी आज आली म्हणून तिचा काळ आजपासून सुरू होत नाही. हलवायानं ज्या दिवशी केली त्या दिवसापासून होतो. ऑपरेटिंग सिस्टीमचंही तसंच. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात. तिथल्या काईट या संस्थेनं २०२४मध्ये शाळांसाठी जी प्रणाली दिली, ती २०२२च्या उबुंटूवर आधारलेली होती. तिचा मूळ सांभाळ २०२७पर्यंत. म्हणजे पाचांपैकी दोन वर्षं मुलांच्या हाती पडण्याआधीच गेली होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७मध्ये बॉस नावाची भारतीय प्रणाली आणली, मराठीसकट आपल्या भाषांत चालणारी. तीही डेबियनवरून केलेली. म्हणजे तिचं घड्याळही डेबियनच्या घड्याळाशी बांधलेलं. यात चूक काही नाही, सून सासूच्याच विरजणानं दही लावते. पण विरजण किती दिवसांचं, ते तिनं विचारलं पाहिजे.

आणि हेच घड्याळ फोनबरोबर आपल्या गल्लीत येतं तेव्हा ते सगळ्यांत गरिबाच्या हातात येऊन थांबतं. फोनचा प्रवास कसा होतो पाहा. नवा फोन घरातला कमावता माणूस घेतो. दोन-तीन वर्षांनी तो बायकोकडं, मग आजीकडं, मग मोबाइलच्या दुकानात सेकंडहँड म्हणून, किंवा धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीकडं. पहिल्या माणसाला पूर्ण मुदत मिळाली, शेवटचीला शून्य. लिंबायतमध्ये घरोघरी साड्यांना स्टोन लावायचं, धागा कटिंगचं काम चालतं. त्याचे पैसे आता मोबाइलवर येतात. ज्या फोनची गळणी फाटलेली आहे, त्याच फोनवर तिची महिन्याची कमाई. शेवटी एखाद्या दिवशी ॲपच चालत नाही. २०२५ साली व्हॉट्सॲपनं किटकॅट या जुन्या अँड्रॉइडवर चालणं थांबवलं, तसं. तिला वाटतं फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो. त्याचा काळ झालेला असतो आणि तो तिला कोणी सांगितलेला नसतो.

युरोपनं २० जून २०२५पासून नियम केला आहे, की तिथं विकल्या जाणाऱ्या फोनच्या मॉडेलला, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतील. मुदत विक्रीच्या शेवटापासून मोजायची, हा त्यातला शहाणपणा. शेवटी घेणाऱ्यालाही पूर्ण काळ मिळावा. काही कंपन्या आता आपल्या महागड्या फोनांना सात वर्षांचा शब्द देतात. स्वस्त फोनांपर्यंत तो पोचायचा आहे.

कायदे होतील तेव्हा होतील. आपल्या हातात काय आहे? दान आपल्या हातात आहे. पर्युषणात, दिवाळीत घर आवरताना जुना फोन, जुना संगणक कोणाला तरी देऊन आपण समाधान मानतो. काळ उलटलेली मिठाई आपण मोलकरणीला देत नाही. देऊ नये, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. जी वस्तू आपण स्वतः वापरायची नाही ठरवली, ती सुरक्षित नाही हे माहीत असून न बोलता दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणं, याला दान म्हणायचं का? फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला त्याची तारीख लिहिलेली असते. दोन मिनिटांचं काम आहे. ती तारीख पाहावी आणि वस्तूबरोबर तीही द्यावी. "बाई, यावर गाणी ऐक, मुलीला अभ्यासाचे व्हिडिओ दाखव, पण बँकेचं काही ठेवू नकोस." एवढं वाक्य बोललं तर दान खरं होतं. मुलगी शिकलेली असेल तर जुन्या संगणकावर नवं लिनक्स टाकता येतं हेही तिला सांगावं. तेही फुकट आहे आणि जुन्या यंत्राला पुन्हा काही वर्षांचा काळ मिळतो.

अहिंसेची व्याख्या आपण फार वेळा ताटापुरती ठेवतो. कंदमूळ नको, रात्रीचं नको. पण दुसऱ्याला अंधारात ठेवून त्याचं नुकसान होऊ देणं हीही हिंसाच. आणि सत्याचं व्रत म्हणजे फक्त खोटं न बोलणं नव्हे. जे सांगायला हवं होतं ते वेळेवर सांगणंही त्यात येतं. डेबियनच्या मंडळींनी १९९७मध्ये आपला एक सामाजिक करार लिहिला. आपल्या कामातले दोष लपवायचे नाहीत, हे त्यातलं एक कलम आहे. जगभरची, एकमेकांना न भेटलेली ही माणसं. त्यांना प्रतिक्रमण माहीत नसेल, पण दोष उघडा ठेवायचा हे त्यांना कळलं होतं.

तेव्हा कोणी आपल्याला "कायम" म्हणून काही देऊ लागला, तर कधीपर्यंत ते विचारावं, त्यात उद्धटपणा नाही. आपण कोणाला काही देऊ तेव्हा न विचारता सांगावं. आणि सांगितलेला काळ शेवटच्या कणापर्यंत पाळावा, घड्याळातली रेती कोणी पाहत असो वा नसो.